त्रिनिदाद : ताशा आणि पिंप

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरील त्रिनिदाद हे बेट टोबॅगोसह 31 ऑगस्ट 1962 रोजी स्वतंत्र झाले. 2011 च्या शिरगणतीत तेथे भारतीय वंशाचे सुमारे 35, आफ्रिकी वंशाचे 34 आणि मिश्र वंशाचे जवळजवळ 23 टक्के लोक आढळले. परंतु या देशाचा सांस्कृतिक वारसा असा टक्केवारीने वाटून देता येत नाही. तेथील वाद्यांचाच इतिहास पाहावा.

गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांनी आपले ढोल कार्निव्हलच्या उत्सवात आणले. मशालींच्या मिरवणुकीवरून 1881 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे पोलिसांशी दंगल झाली आणि लवकरच ढोलांवर निर्बंध आले. लोकांनी मग बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे व अखेर तेलाची रिकामी पिंपे हाती घेतली. तेलाच्या त्या बेटावर पिंपांना काय तोटा! त्यांच्या तळाला ठोकून ठोकून निरनिराळे स्वर काढण्यात आले. हेच स्टीलपॅन. वादकांना प्रतिष्ठित समाज बराच काळ गुंड समजत असे.

भारतीयांची कहाणी फारशी वेगळी नाही. 30 मे 1845 रोजी कलकत्त्याहून ‘फतेल रझाक’ जहाज गिरमिटिया मजूर घेऊन आले. 1917 पर्यंत सुमारे 1,44,000 माणसे या मार्गाने उसाच्या मळ्यांत पोहोचली. त्यांतील बहुसंख्य बिहार-अवधकडील हिंदू. तरीही मोहरम, अर्थात ‘होसे’, हा साऱ्या मळ्यांचा सण झाला. सरकारला ही एकजूट रुचली नाही. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सॅन फर्नांडो येथे ताबूतांच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक मजूर मारले गेले. त्यांत हिंदूही होते.

होसे मात्र बंद पडला नाही. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेला, आगीवर शेकून चढविलेला ताशा आजही सेंट जेम्समध्ये वाजतो. महाराष्ट्रीय कानाला तो परका वाटू नये. तो वाजविणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे तरुणही असतात. उलट, ‘रेनेगेड्स’ या पोर्ट ऑफ स्पेनच्या स्टीलपॅन वाद्यवृंदाला ‘पॅनोरमा’ स्पर्धेत नऊ वेळा विजय मिळवून देणारे संगीत-संयोजक जित समरू हे भारतीय वंशाचे होते.

देशाच्या राजचिन्हावर कोलंबसाची तीन गलबते होती. ती काढून तेथे स्टीलपॅन घालण्याचा कायदा संसदेने जानेवारी 2025 मध्ये संमत केला.