लॅन कार्डावरचा आळ

मुखेडला रेल्वे नाही. लॅन कार्ड हवं असलं की नांदेडची एसटी धरायची, नाहीतर तिकडं जाणाऱ्या कुणाला तरी गाठायचं. स्वस्तातल्या एवढ्याशा वस्तूपायी दिवस मोडायचा. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत इथल्या सेंटरांतून, शाळांतून आणि झेरॉक्सच्या दुकानांतून ‘कार्ड गेलं’ म्हणून जी कार्डं काढून टाकली, त्यांतली कितीतरी धडधाकट होती. खरा दोष वायरीत होता, ड्रायव्हरमध्ये होता, नाहीतर इमारतीच्या अर्थिंगमध्ये.

नव्वदच्या दशकातल्या संगणक क्लासमध्ये नोव्हेलचं जाळं असायचं, गोल कोॲक्स वायरीचं. एका टोकाचा ५० ओहमचा टर्मिनेटर ढिला झाला की सगळी खोली ठप्प. तेव्हाच्या कार्डांवर जम्पर असत; आयआरक्यू ५ वर साउंड कार्ड आधीच बसलेलं असलं की दोघांपैकी एक चालायचं नाही. आणि दुरुस्ती करणारा काय म्हणायचा? कार्ड खराब.

तालुक्याच्या गावांत खरी गर्दी झाली ती नंतर. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटी आली आणि गावोगावच्या सेंटरांत एका सर्व्हरला जोडलेली यंत्रं रांगेनं बसली. प्रत्येक सीपीयूत एक कार्ड, बहुतेक वेळा रिअलटेक ८१३९ चिपचं. या चिपला जाणकारांनी बरीच नावं ठेवली, पण मराठवाड्याच्या धुळीत आणि उकाड्यात ती टिकली हे मान्य करायलाच हवं.

तपासणी बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाकडून व्हायची: आधी विंडोज फॉरमॅट, मग नवं कार्ड, आणि शेवटी वायर. खरं तर सुरुवात यंत्र बंद करून, कार्ड काढून, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवून आणि ते शेजारच्या स्लॉटमध्ये घट्ट बसवून करायची. धूळ आणि दमट हवा यांनी जो संपर्क सुटतो, तो एवढ्यानंच पुष्कळदा जुळतो. त्यानंतर १२७.०.०.१ वर पिंग. इथं भले भले फसले. या पत्त्यावर उत्तर आलं म्हणजे कार्ड चांगलं, असं सर्रास शिकवलं गेलं. पण ते पिंग कार्डापर्यंत जातच नाही, विंडोजच्या आतल्या आत फिरून येतं. कार्ड उपसून बाजूला ठेवलं तरी ते उत्तर देतं.

कार्डाची परीक्षा घ्यायची तर विंडोजला बाजूला सारावं लागतं. रिअलटेकच्या ड्रायव्हरबरोबर डॉसवर चालणारा तपासणीचा प्रोग्राम मिळायचा. डॉसच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करून तो चालवला की ड्रायव्हरचा गोंधळ आपोआप वगळला जायचा. कार्डाचा बारा अक्षरांचा पत्ता सगळा शून्य नाहीतर सगळा एफ दिसला, तर तो पत्ता साठवणाऱ्या ९३सी४६ या छोट्या चिपवर संशय घ्यायचा. त्याहून साधा उपाय म्हणजे एका आरजे-४५ जॅकमध्ये १ नंबरची तार ३ ला आणि २ नंबरची ६ ला जोडून तो तुकडा कार्डात खुपसणं. लाइट लागला की पाठवणं आणि घेणं या दोन्ही वाटा निदान जिवंत आहेत. मग स्विच आणि वायर यांच्याकडे वळायचं.

वायरीचा घोळ तर सगळ्यांत दगाबाज. क्रिम्पिंग करणारा दोन्ही टोकांना रंग सारखे लावायचा, पण जोड्या क्रमानं बसवायचा: १-२, ३-४, ५-६, ७-८. टेस्टरचे आठही दिवे लागायचे. पण ३ आणि ६ या एकाच पिळाच्या तारा असाव्या लागतात. त्या वेगवेगळ्या पिळांतल्या असल्या की एकीचा आवाज दुसरीत मिसळतो. १० एमबीवर असं जाळं रडतखडत चालायचं, १०० वर तुटायचं. ३२ बाइटचं पिंग सुखरूप परतायचं आणि १४०० चं अर्ध्यात हरवायचं. एका कार्डाच्या जागी दुसरं, दुसऱ्याच्या जागी तिसरं बसवलं जायचं. वायर मात्र तीच राहायची.

खरोखर मेलेली कार्डं पाहायची ती वळवाच्या दिवसांत. २००५ पासून बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, आणि उघड्यावरून येणारी टेलिफोनची तार मोडेममार्गे थेट कार्डाला भिडली. कार्डावर जॅकच्या मागं जी काळी डबी असते, ती म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ती साधारण १५०० व्होल्ट अडवण्यासाठी असते. जवळपास वीज पडली की तारेत त्याहून कितीतरी जास्त दाब येऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये आभाळ गडगडलं की मोडेम, स्विच आणि सर्व्हरचं कार्ड एका दमात जायची. नवं कार्ड बसायचं, पुढच्या वळवात तेही जायचं. अर्थिंगसाठी मीठ-कोळसा घालून खड्डा खणणं आणि त्यात ओल राखणं हा खर्च कुणाला करावासा वाटला नाही, कारण तो संगणकाच्या बिलात बसत नव्हता. भारनियमनाच्या काळात तर दिवसातून अनेकदा जाणाऱ्या-येणाऱ्या विजेनं एसएमपीएसही खिळखिळे केले, आणि अधूनमधून गायब होणाऱ्या कार्डामागं पुष्कळदा तेच कारण निघालं.

पुढं लॅन मदरबोर्डवरच आली. ती जळाली की बायोसमध्ये बंद करून पीसीआय स्लॉटमध्ये जुनं कार्ड बसवायचं, ही युक्ती सगळीकडे पसरली. भंगारात गेलेल्या सीपीयूंमधून काढून ठेवलेल्या ८१३९ कार्डांनी अशी कितीतरी यंत्रं आणखी काही वर्षं चालवली. आता नव्या बोर्डांवर तो स्लॉट सहसा नसतो, तिथं यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकण्याचा विचार शाळा करू लागल्या. पीसीआय स्लॉट शिल्लक असलेल्या यंत्रांत ८१३९ कार्डाला तिथं वेगळी सीडी शोधावी लागत नाही. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आजही आहे. ज्यांनी अशी कार्डं डब्यात जपून ठेवलीत, त्यांनी ती काढावीत, खोडरबर फिरवावं, आणि मोडेमच्या सॉकेटचं अर्थिंग वळवाआधी तपासून घ्यावं.