गोळी पोचली कधीच, मग गुण यायला महिना का?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. कल्याण-कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या या तालुक्यांतला माणूस दवाखान्यात कन्नडमध्ये बोलेल, मराठीत बोलेल, नाहीतर दखनीत. पण नैराश्याची गोळी सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की मागणं बहुधा एकच असतं: ‘डॉक्टर, गुण येईना. पावर वाढवून द्या की.’

मागणं गैर नाही. तापाची गोळी तासाभरात अंग निववते, मग हिलाच काय झालं? खरी गंमत इथूनच सुरू होते. ही गोळी आपल्या ठिकाणी पोचायला उशीर करतच नाही. मेंदूतल्या दोन पेशींमधल्या फटीत सिरोटोनिन सांडतं आणि एक प्रथिन ते लगेच परत आत ओढून घेतं. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि ओढून घेण्याचं काम रोखतात. हे पहिल्या दिवसापासून, काही तासांत सुरू होतं. मन मात्र आठवडे घेतं.

कारण मेंदू गप्प बसत नाही. सिरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर स्वतःवर नजर ठेवणारे ग्राही (रिसेप्टर) असतात. फटीत सिरोटोनिन वाढलं की ते पेशीला ‘पुरे आता’ म्हणून आवरतात. म्हणजे सुरुवातीला गोळी एकीकडून भर घालते आणि पेशी दुसरीकडून उत्पादन कमी करते! दोन-तीन आठवड्यांत हे राखणदार मंदावतात, पेशी पुन्हा मोकळ्या होतात, आणि त्यासोबत पेशींमधले दुवेही हळूहळू बदलू लागतात. उशिराचं हे एक कारण. संशोधक आणखीही शोधत आहेत.

आता पावर वाढवण्याची गोष्ट. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये किती प्रथिनांवर औषध बसलंय ते मोजता येतं. याच गटातल्या सिटॅलोप्रॅमचे आकडे पाहून मी थक्क झालो. साधारण साडेतीन मिलिग्रॅममध्येच निम्मी प्रथिनं व्यापली जातात. 20 मिलिग्रॅमला सुमारे 80 टक्के. 40 ला 86 च्या आसपास, 60 ला 88. उदगीरच्या बसमध्ये पहिल्या थांब्यावरच बहुतेक जागा भरल्या, तर पुढच्या थांब्यावर चाळीस माणसं चढली तरी बसायला मिळणार दोघांनाच. बाकीचे दांडी धरून उभे. औषधाच्या बाबतीत ही उभी गर्दी म्हणजे मळमळ, घाम, अस्वस्थपणा. जपानचे तोशी फुरुकावा आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला. फायदा वाढत जातो तो फ्लुओक्सेटिनच्या 20 ते 40 मिलिग्रॅमइतक्या मात्रेपर्यंत. पुढे तो फारसा वाढत नाही, औषध सोडणारे मात्र वाढतात.

म्हणजे मात्रा कधीच वाढवू नये असं नाही. ती कधी वाढवायची, हा सगळा घड्याळाचा प्रश्न आहे. आणि घड्याळही प्रत्येक गोळीचं वेगळं! पॅरॉक्सेटिन साधारण एका दिवसात रक्तात निम्मं होतं. फ्लुओक्सेटिन आणि शरीरात त्यापासून बनणारं द्रव्य मात्र दिवसचे दिवस रेंगाळतं, त्यामुळे आज बदललेल्या मात्रेचा रक्तातला हिशेब स्थिरावायला महिनाभर जातो. त्यात औषध मोडणारं यकृतातलं एक विकर काही माणसांत जन्मतःच संथ असतं. भारतीयांमध्ये अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. त्यांना कमी मात्राही भारी पडते.

म्हणून जाणता डॉक्टर दुसऱ्या आठवड्यात सहसा मात्रेला हात लावत नाही, पण बारकाईने पाहतो. झोप जरा लागतेय का? भाकरी पोटात जातेय का? हे बदल कित्येकदा रुग्णाआधी घरातल्यांना दिसतात. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली 0 ते 27 गुण देते; आकडा निम्म्यावर आला तर औषध लागू पडतंय असं धरतात. चार आठवडे नियमित गोळी घेऊनही काहीच हललं नाही, तर मात्रा वाढवायची की औषध बदलायचं हा विचार सुरू होतो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारावाच लागतो: गोळी रोज घेतली जाते का? ‘सवय लागेल’ या भीतीने दिवसाआड घेणाऱ्याला दुप्पट मात्रा लिहून देण्यात काय अर्थ? थायरॉइड, दारू, पूर्वी कधी आलेला उन्मादाचा झटका, हेही तपासावं लागतं. उन्मादाचा आजार असेल तर वाढवलेली गोळी घात करू शकते. आत्महत्येचे विचार येत असतील तर मात्र कुठलंच घड्याळ पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

हे मोजमाप फक्त मोठ्या शहरातच जमतं असं वाटत असेल, तर याच कल्याण-कर्नाटकातलं बल्लारी आठवावं. 1985 मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना मानसिक आजार ओळखायला, मोजकी औषधं द्यायला आणि रुग्णाचा पाठपुरावा करायला शिकवलं. त्याच नमुन्यावर 1996 पासून देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. पुढे कर्नाटकाने ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली. मला यात एक सुरेख जुळणी दिसते. ज्या औषधाचा हिशेब आठवड्यांत चालतो, त्याला ठरल्या वारी येणारा डॉक्टरच शोभतो.

मात्रेच्या उतरणीवर मघाचंच गणित उलटं फिरतं. बरं वाटू लागल्यावरही गोळी नऊ महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करतात. सिटॅलोप्रॅम 40 वरून 20 वर आणलं, तर व्यापलेली प्रथिनं पाच-सहा टक्क्यांनीच घटतात. पण 5 वरून थेट शून्यावर उडी मारली, तर साठाच्या आसपास टक्के एकदम मोकळी होतात. चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं, हे त्रास म्हणूनच बहुधा शेवटच्या इवल्याशा तुकड्यापाशी उपटतात, आणि म्हणूनच तो तुकडा सर्वांत सावकाश कमी करतात.