गळ्याची मजुरी



आवाज या विषयावर बोलण्यास एखादा गवई किंवा घशाचा डॉक्टर बोलवावयास हवा होता, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी दोन्ही नव्हे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व कारखान्यांच्या दारांत झाले. परंतु द्वारसभा, मोर्चे आणि घोषणा यांत तीस वर्षे घालवल्यावर कोणाचा आवाज दहा वर्षांत फाटतो आणि कोणाचा साठीपर्यंत खणखणीत राहतो, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत आले आहे. हा फरक का पडतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आवाजावर पोट असणारी माणसे आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक आहेत. गवई आणि नट तर झालेच. पण शिक्षक, वकील, कीर्तनकार, भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, दिवसभर टेलिफोनवर गिऱ्हाइकांशी बोलणारी मुले-मुली, ही सारी गळ्याची मजुरी करणारी माणसे आहेत. सुतार आपल्या रंध्याला धार लावून ठेवतो. आपण मात्र घसा बसला की खडीसाखर तोंडात टाकतो आणि पुन्हा ओरडावयास लागतो.

प्रथम हे यंत्र कसे चालते ते पाहू. बाजाच्या पेटीला भाता असतो, आत पितळी पट्ट्या असतात आणि भोवती लाकडी खोके असते. भाता हवा देतो, पट्टी थरथरते, खोके आवाज भरदार करते. आपल्या देहातही हेच तीन कामगार आहेत. फुफ्फुसे हा भाता. कंठमण्याच्या मागे आडवे असलेले दोन स्वरतंतू या पट्ट्या. आणि घसा व तोंड यांची पोकळी हे खोके. या तिघांत स्वरतंतू सर्वांत लहान. पुरुषाचे सुमारे दोन सेंटिमीटर, स्त्रीचे त्याहूनही कमी. ते जिवंतपणी हलताना स्पष्ट पाहून त्यांचे वर्णन करण्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो कोणी वैद्य नव्हता; गायनाचा शिक्षक होता. मानुएल गार्सिया याने १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि दुसऱ्या आरशात आपलेच स्वरतंतू पाहिले. पुढच्याच वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. घशाच्या डॉक्टरांचे शास्त्र त्यानंतर वाढले.

हे चिमुकले तंतू किती काम करतात? साधा पुरुष बोलतो तेव्हा ते सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात. स्त्रियांचे दोनशेच्या आसपास. सेकंदाला १२० धरले तर मिनिटाला ७,२०० झाले. साच्यावरचा धोटा मिनिटाला दीड-दोनशे फेऱ्या मारी, तेव्हा आपण त्याच्या वेगाचे कौतुक करीत होतो! एका तासाच्या भाषणात निम्मा वेळ जरी प्रत्यक्ष स्वर निघत असेल, तरी २,१६,००० आघात झाले. घोषणा देताना स्वर चढतो आणि सेकंदाला तीनशेच्याही वर जातो. शिवाय प्रत्येक आघात अधिक जोराचा. कुदळ धरणाऱ्याच्या हाताला जसे घट्टे पडतात, तसेच घट्टे स्वरतंतूंनाही पडतात. दोन्ही तंतूंवर समोरासमोर, जिथे मार सर्वांत जास्त बसतो तिथेच, लहान गाठी येतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, मधून वारा निसटतो आणि आवाज घोगरा होतो. माणूस तो मोकळा करण्यासाठी आणखी जोर लावतो आणि गाठ आणखी वाढते.

येथेच मुख्य मुद्दा येतो. मोठा आवाज काढावयाचा म्हणजे गळ्यावर जोर द्यावयाचा, ही समजूत सर्वत्र आहे. तिघांपैकी सर्वांत लहान कामगाराच्या डोक्यावर तिघांचे ओझे ठेवण्याचा हा प्रकार आहे. आपल्या पूर्वजांना तो ठाऊक होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघण राजाच्या काळी, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. नीरसपणे ओरडून गातो तो ‘उद्घुष्ट’; दात आवळून गातो तो ‘संदष्ट’; गाताना ज्याच्या मुखाच्या व मानेच्या शिरा फुगतात तो ‘झोंबक’. आमच्या मोर्च्यात दर दहा माणसांत दोन-तीन झोंबक सहज सापडतात. मानेच्या शिरा फुगल्या म्हणजे आवेश आला असे लोक मानतात. खरे पाहता, गळा एकटा राबत आहे आणि त्याला मदत मिळत नाही, याची ती खूण असते.

मग मदत कोणाची घ्यावयाची? पहिली श्वासाची. खांदे उचलून छाती भरणे म्हणजे दीर्घ श्वास नव्हे. बरगड्यांचा खालचा घेर आणि पोट बाहेर आले पाहिजे, आणि बोलताना ते एकदम न कोसळता हळूहळू आत गेले पाहिजे. प्रश्न हवा किती आहे यापेक्षा ती खर्च कशी होते याचा आहे. कुमार गंधर्वांना १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले. ते १९४८ मध्ये देवासला राहावयास गेले, कित्येक वर्षे गाणे बंद राहिले आणि एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५० नंतरच्या वर्षांत ते पुन्हा मैफलीत आले ते लहान लहान, नेमक्या स्वरवाक्यांची गायकी घेऊन. उरलेला श्वास कोठे खर्चावयाचा याचा हिशेब किती बारकाईने करता येतो, हे त्यांच्या गाण्यात ऐकू येते.

दुसरी मदत तोंडाच्या पोकळीची. जबडा सैल, तोंड उभे उघडे, जीभ मोकळी असली की तोच स्वर दुप्पट भरदार वाटतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबेरी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, पाश्चात्य ऑपेराचा गायक मोठ्या वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतो तो निव्वळ ताकदीने नव्हे. वाद्यवृंदाचा जोर सेकंदाला सुमारे पाचशे कंपनांच्या आसपास असतो. तालमीने घडलेला गायक घशाच्या पोकळीचा आकार असा ठेवतो की, त्याच्या आवाजात सुमारे तीन हजार कंपनांपाशी जास्तीची धार येते. जिथे वाद्ये दुबळी, तिथे तो जोरदार. गर्दीतून वाट काढणाऱ्या शहाण्या माणसाप्रमाणे तो रिकाम्या जागेतून पुढे जातो.

घोषणेच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट. शब्द स्वराने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ‘आवाज दो’ किंवा ‘इन्किलाब’, तर जोराच्या भरात स्वरतंतू आधी घट्ट मिटतात आणि मग फटकन उघडतात. ‘हम एक हैं’ यात आरंभीच्या ‘ह’बरोबर श्वास आधी वाहू लागतो आणि आघात मऊ होतो. म्हणून स्वराने सुरू होणारी घोषणा देताना मनात हलका ‘ह’ धरावा. पट्टीही आपल्या सोयीची, थोडी खालची धरावी. मोर्च्यापूर्वी पाच मिनिटे मिटल्या तोंडाने गुणगुणावे, ओठ फुरफुरवीत स्वर वरखाली न्यावा, किंवा सरबताच्या नळीतून ‘ऊ’ म्हणावे. नळीतून स्वर काढताना पुढे अडलेली हवा उलट दाब देते आणि तंतू एकमेकांवर हळू आपटतात. पाश्चात्य वाचोपचारातही हा व्यायाम आज सर्रास देतात.

आता तरुण मंडळी विचारतील, की ‘हेवी मेटल’ म्हणून जे संगीत आहे त्यात गायक तासभर किंचाळतात, गुरगुरतात, त्यांचे काय? पुष्कळांचे गळे खराब होतात, हे खरे. पण जे टिकतात त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची दुसरी जोडी असते. तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. जाणते गायक तो खरखरीत नाद पुष्कळदा या वरच्या जोडीतून काढतात, खालची जोडी सैल ठेवतात, आणि मोठेपणाचे काम ध्वनिक्षेपकावर सोडतात. त्यांच्या जवळ उभे राहिले तर आवाज वाटतो तेवढा मोठा नसतो. ही युक्ती जुनीच आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर चौघेजण मिळून गाण्याची जी परंपरा आहे, तीत सर्वांत खालचा स्वर देणारा हेच खोटे तंतू हलवतो. पण ही विद्या जाणकाराच्या देखरेखीखाली शिकावी. दुखू लागले की थांबावे, हा तिचा पहिला नियम.

तिसरी मदत बाहेरची. शाहिरी पोवाड्याकडे पाहा. शाहीर कडवे म्हणतो आणि झीलकरी ‘जी जी’ करीत धृपद उचलतात. ती शोभा तर आहेच. पण त्याच वेळी शाहीर श्वास घेतो आणि गळ्याला विसावा देतो. घोषणेतही एकाने हाक द्यावयाची आणि हजारांनी उत्तर द्यावयाचे, ही तीच वाटणी. २०११ साली न्यूयॉर्कच्या झुकॉटी उद्यानातील आंदोलकांना ध्वनिवर्धक वापरण्याची बंदी होती. तेव्हा वक्ता चार-पाच शब्द बोले, जवळचे लोक ते एका सुरात पुन्हा म्हणत आणि त्यांच्या मागचे पुन्हा. माणसांचाच कर्णा झाला. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांना मी सांगतो, की घोषणा देणारे चार जण ठेवा आणि पाळी बदला. एकच गळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वापरणे ही बहादुरी नव्हे.

आता काळजीच्या चार गोष्टी. प्यालेले पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही. अन्नाची वाट निराळी, श्वासाची निराळी. ते रक्तावाटे पोचते. म्हणून सभेच्या वेळी घोट घेण्यापेक्षा दिवसभर पुरेसे प्यावे. ज्येष्ठमध आणि खडीसाखर यांनी घशाला बरे वाटते. पण तंतूंपर्यंत पोचते ती वाफ. सारखे खाकरू नये. खाकरणे म्हणजे तंतू एकमेकांवर घासणे. त्याऐवजी आवंढा गिळावा. घसा बसल्यावर कुजबुजून बोलणे हा उपाय नव्हे. पुष्कळांचा गळा कुजबुजताना अधिकच आवळतो. रात्री सभा संपवून भरपेट जेवणे आणि लगेच आडवे होणे, यात आम्हा कार्यकर्त्यांचा हातखंडा! पोटातले आम्ल वर येते, घशाला भाजते आणि सकाळी आवाज जड होतो. विडी-सिगारेटचा धूर तर थेट तंतूंवरूनच जातो.

यापुढचे विशेष लक्ष देऊन ऐका. सर्दी नसता आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. विडी ओढणाऱ्याने तर एकही दिवस लांबवू नये. स्वरतंतूवर सुरू होणारा कर्करोग आधी आवाज बदलूनच आपली वर्दी देतो. लवकर सापडला तर तो पुष्कळदा पूर्ण बरा होतो, बहुधा आवाज राखूनही. आमच्यातले काही भले लोक ‘भाषणांनी बसला असेल’ म्हणत सहा-सहा महिने थांबले, आणि त्यांना पुढे स्वरयंत्रच काढावे लागले. एकाच जोराच्या ओरडीनंतर आवाज अकस्मात गेला, तर तंतूत रक्त साकळलेले असू शकते. तेथे पूर्ण मौन आणि लगेच डॉक्टर. साध्या गाठी मात्र बहुतेक वेळा वाचोपचाराने, शस्त्रक्रियेवाचून जातात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाणी व श्रवण यांची राष्ट्रीय संस्था आहे. कित्येक मोठ्या रुग्णालयांतही हे उपचार मिळतात.

शेवटचा मुद्दा माझ्या धंद्याचा. एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टराने १९११ साली दाखवले की, भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला कितीही बजावा, तो चढतोच. तेव्हा साठ मुलांच्या वर्गात, वर करकरणारा पंखा आणि खिडकीबाहेर रहदारी असताना ‘बाई, हळू बोला’ हा उपदेश निरर्थक आहे. त्या बाईंना लहान ध्वनिक्षेपक हवा, दोन तासांमध्ये विश्रांती हवी, वर्गाला बंद होणारी खिडकी हवी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या रोगांच्या यादीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला पुढे जागा मिळाली. आवाजाच्या विकाराला ती मिळाली नाही. पोलंडमध्ये मात्र अति बोलण्याने जडणारा आवाजाचा विकार कायद्याने धंद्याचा रोग ठरला आहे, आणि तेथील शिक्षकांना त्याची भरपाई मागता येते. हात तुटला तर दिसतो, आवाज तुटलेला दिसत नाही. एवढ्याच कारणाने तो हिशेबाबाहेर राहावा, हे न्यायाचे नव्हे.

दर वर्षी १६ एप्रिलला जागतिक आवाज दिन पाळतात. १९९९ साली ब्राझीलमधल्या आवाजतज्ज्ञांनी तो सुरू केला. आपल्या शाळांनी, नाट्यमंडळांनी आणि संघटनांनी त्या दिवशी डॉक्टर बोलावून सभासदांचे घसे तपासून घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. खर्च थोडा आहे. आमच्या संघटनेपासून आरंभ करण्यास मी तयार आहे.

माझा वेळ संपला आहे आणि गळ्यालाही आता विसावा हवा. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, त्यामुळे मला आवाज चढवावा लागला नाही.