गेम येणार की नाही? अंदाज, अफवा आणि तहकीक

रमजानच्या २९ व्या रोजाची संध्याकाळ मोमिनपुऱ्यात कशी असते, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. इफ्तार होतो न होतो तोच मोबाइल वाजायला लागतात. कोणी म्हणतं चाँद दिसला, कोणी मागच्या वर्षीचा फोटो पाठवतो, कोणी दुसऱ्याच देशाची बातमी इथली म्हणून पुढे ढकलतो. तरी शेवटी आपण थांबतो ते कमिटीच्या एलानसाठी. शहादत आली, ती तपासली गेली, मगच उद्या ईद की तिसावा रोजा हे ठरतं.

गेम खेळणाऱ्या आपल्या पोरांच्या दुनियेत अशी चाँदरात वर्षभर चालू असते. नवा गेम कधी येणार, त्यात कोण असणार, किंमत किती, याचे अंदाज रोज येतात. तिथे शहादत तपासणारी कमिटी मात्र नसते. त्यामुळे अंदाज संध्याकाळपर्यंत ‘बातमी’ होतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर पैसे लावून बसतो. हे अंदाज कसे तयार होतात, त्यातलं किती खरं मानायचं आणि नुकसान नेमकं कुठे होतं, हे समजून घ्यायला एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

पुण्या-मुंबईत बनत असलेला ‘प्रिन्स’

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव आज चाळिशीत असलेल्यांच्याही ओळखीचं आहे. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये पहिला गेम आणला. धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याने त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. आपल्यातल्या कित्येकांनी तो गेम कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची नजर चुकवून खेळला असेल.

पुढे युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ आणला. इराणचा बादशहा शारमान याची फौज हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावर चालून जाते. तिथे राजपुत्राच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर लागतो. महाराजाचा दगाबाज वजीर त्याला फसवतो, जादूच्या घड्याळातली वाळू बाहेर पडते आणि जिवंत माणसांचे राक्षस होतात. मग महाराजाची मुलगी फराह आणि हा राजपुत्र मिळून झालेली चूक निस्तरायला निघतात. गोष्ट राजपुत्र स्वतःच सांगत जातो, थेट अलिफ लैलाच्या धाटणीने. दूरदर्शनवर अलिफ लैला पाहिलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

आपल्या मुलांना या मालिकेची ओढ का वाटते, तेही यातून कळतं. परदेशी गेममध्ये अरबी-फारसी नावाचा माणूस बहुतेक वेळा बंदूक घेतलेला शत्रू म्हणूनच यायचा. इथे तो नायक आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये तर नानी-दादीच्या गोष्टीतला कोहकाफ आहे, सीमुर्ग आहे, आणि अख्खा गेम फारसी आवाजात खेळता येतो. त्याच कंपनीच्या २०२३ मधल्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’मध्ये नवव्या शतकातलं बगदाद आहे, बैतुल हिकमत आहे.

म्हणून १० सप्टेंबर २०२० ला युबिसॉफ्टने ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आनंद दुप्पट होता. कारण हे काम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. एवढ्या नावाजलेल्या गेमची मुख्य जबाबदारी महाराष्ट्रातल्या टीमकडे, ही साधी गोष्ट नव्हती.

सव्वापाच वर्षांची वाट

पुढे काय झालं, ते क्रमाने पाहू.

गेम २१ जानेवारी २०२१ ला येणार होता. पण ट्रेलर पाहून जगभरच्या चाहत्यांनी नाक मुरडलं. चेहरे जुनाट दिसतात, चित्र दहा वर्षांपूर्वीचं वाटतं, अशी टीका झाली. डिसेंबर २०२० मध्ये तारीख १८ मार्च २०२१ वर गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तीही रद्द झाली आणि नवी तारीख दिलीच नाही. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला देण्यात आलं, म्हणजे २००३ चा मूळ गेम बनवणाऱ्या स्टुडिओकडे. त्याच वर्षी आगाऊ बुकिंगचे पैसेही परत करण्यात आले.

जून २०२४ मध्ये एक छोटीशी झलक आली. त्यात जळती मेणबत्ती आणि शेवटी फक्त वर्ष, २०२६. एवढ्यावरून चाहत्यांनी महिने अंदाज बांधले. ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या आर्थिक वर्षात हा गेम येईल, असं कंपनीच्या कागदपत्रांतही दिसत होतं. २०२६ चा जानेवारी उजाडला तेव्हा ‘आता कुठल्याही दिवशी, न सांगता गेम बाजारात येणार’ ही चर्चा जोरात होती.

२१ जानेवारी २०२६ ला कंपनीचा एलान आला. गेम रद्द. त्याच्यासोबत आणखी पाच गेमही बंद. हव्या त्या दर्जापर्यंत पोहोचता आलं नाही आणि पुढे जायला लागणारा वेळ व पैसा देणं शक्य नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. योगायोग बघा, पहिली तारीख होती २१ जानेवारी २०२१. बरोबर पाच वर्षांनी त्याच दिवशी कारभार आटोपला.

अंदाज येतात कुठून?

सगळे अंदाज हवेतून येत नाहीत, हेही मान्य केलं पाहिजे. त्यांचे चार-पाच ठरलेले स्रोत आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

पहिला, कंपनीचे आर्थिक अहवाल. गुंतवणूकदारांसाठी असल्याने त्यात मोघम का होईना, वेळापत्रक असतं. हा सगळ्यात वजनदार पुरावा. पण ‘प्रिन्स’च्या बाबतीत तोही टिकला नाही. अहवालात असतो तो इरादा, आणि इरादा बदलू शकतो.

दुसरा, वयोगट ठरवणाऱ्या संस्था. अमेरिका आणि युरोपात विक्रीआधी गेमला वयाचं प्रमाणपत्र घेतात. कधी कधी एलानच्या आधीच तिथे नाव झळकतं. त्यावरून गेम विक्रीच्या जवळ आलाय एवढं म्हणता येतं, दिवस सांगता येत नाही.

तिसरा, दुकानांच्या साइटवरची तारीख. ३१ डिसेंबर किंवा ३१ मार्च अशी तारीख दिसली की समजा, रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून ती भरलेली असू शकते. यावर उड्या मारण्यात अर्थ नाही.

चौथा, ‘आतली खबर’ देणारे. यातले काही खरंच माहितगार असतात. पण दहा तारखा सांगून एक बरोबर आली की तेवढीच मिरवायची, ही युक्ती जुनी आहे. त्यांच्या चुकलेल्या नऊ तारखांचा हिशोब कोणी ठेवत नाही.

पाचवा, चाहत्यांची स्वतःची ‘तफ्सीर’. मेणबत्तीचा अर्थ, गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे, मागच्या भिंतीवरचा रंग. जीटीए ६ च्या ट्रेलरची तारीख तर काहींनी कंपनीने टाकलेल्या चित्रांमधल्या चंद्राच्या कलांवरून काढली होती. चाँद पाहून तारीख ठरवायचा नाद फक्त आपल्यालाच आहे असं नाही! अर्थात तो चंद्राचा हिशोब चुकला.

मित्रांत बसून असे तर्क लढवण्यात गैर काही नाही. त्यात मजा आहे, डोकंही चालतं. अडचण सुरू होते ती ‘मला वाटतं’ हे शब्द गळून पडतात तेव्हा.

बदगुमानीचा फटका कोणाला?

२०२० च्या ट्रेलरनंतर यूट्यूबखालच्या प्रतिक्रियांमध्ये एक सूर सतत होता: भारतात काम दिलं म्हणून वाट लागली. हे लिहिणाऱ्यांत आपलीही पोरं होती. किती पैसे मिळाले, किती वेळ मिळाला, कोविडच्या वर्षात घरून काम कसं झालं, निर्णय पुण्यात होत होते की पॅरिसमध्ये, यातलं काहीही माहीत नसताना निकाल देऊन टाकला.

काम माँट्रियलला गेलं तेव्हा ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असं झालं. पण माँट्रियलनेही पावणेचार वर्षं घेतली, आणि शेवट तोच झाला. पुण्याचं काम उत्तम होतं असं याने सिद्ध होत नाही. ‘भारतीयांना जमत नाही’ हा निष्कर्ष मात्र नुसता गुमान होता, हे दिसतं. जो गेम मूळ निर्मात्यांच्या हातूनही पुरा झाला नाही, त्याची अडचण एका शहरापुरती नसणार.

त्याच २०२० मध्ये त्याच पुण्यातून ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम आला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने तो बनवला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. ही गोष्ट किती जणांनी पुढे पाठवली?

सूरह हुजुरातमध्ये दोन ताकिदी जवळजवळ आहेत. सहाव्या आयतीत भरवसा नसलेल्या माणसाची खबर आधी तपासून घ्यायला सांगितलं आहे, नाहीतर नकळत एखाद्या समूहाचं नुकसान होतं आणि मग पस्तावा. बाराव्या आयतीत जास्त गुमानापासून दूर राहायला सांगितलं आहे. आपण या आयती मोठमोठ्या भांडणांच्या वेळी आठवतो. मोबाइलवर कमेंट टाकतानाही त्या लागू होतात, हे मुलांना कोणी सांगत नाही. आज नागपुरात अॅनिमेशन किंवा कोडिंग शिकणारा मुलगा उद्या पुण्याच्या अशाच एखाद्या स्टुडिओत बसलेला असेल. तेव्हा तो शिक्का त्याच्याही कपाळी असेल.

आता पाळी जीटीए ६ ची

सध्या सगळ्यात जास्त अंदाज ज्यावर लागतात तो गेम म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’. पक्कं काय आहे, तेवढं सांगतो. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा मे २०२५ मध्ये. आधी २०२५ म्हटलं, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली. जाहीर झालंय ते प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या मशीनसाठी. मोबाइलसाठी काहीही जाहीर केलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘जीटीए ६ मोबाइल, आत्ता डाउनलोड करा’ अशी फाइल कुणी पाठवली तर ती बनावट आहे, यात ‘बहुतेक’ हा शब्द लावायची गरज नाही. अशी फाइल टाकली की मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. अब्बूंच्या फोनवर मुलाने गेम टाकला आणि खात्यातून पैसे गेले, असं व्हायला वेळ लागत नाही. झालंच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे अडवण्याची शक्यता जास्त असते.

‘लीक’बद्दलही एक शब्द. सप्टेंबर २०२२ मध्ये याच गेमचे सुमारे ९० व्हिडिओ इंटरनेटवर आले होते. ते ब्रिटनमधल्या एका किशोरवयीन हॅकरने कंपनीत घुसून चोरले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने त्याला बेमुदत सुरक्षित रुग्णालयात ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे ‘लीक’ हा शब्द कितीही चटपटीत वाटला तरी अनेकदा तो चोरीचा माल असतो.

आणि आई-वडिलांसाठी: जीटीए हा लहान मुलांचा गेम नाही. मालिकेतला आधीचा, पाचवा गेम युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे. तो घरात येऊ द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी मुलाशी बोला. ‘गेम म्हणजे हराम, बंद कर’ एवढंच म्हटलं तर तो विचारणं बंद करतो, खेळणं नाही.

पुढे पाठवण्याआधी

घरात, टपरीवर, ग्रुपमध्ये गेमची ‘खबर’ आली की चार प्रश्न विचारायची सवय लावू या.

हे कोणी म्हटलं? बनवणाऱ्या कंपनीने की ‘एका भाईने’?

कुठे म्हटलं? कंपनीच्या अधिकृत पानावर आहे का?

कधी म्हटलं? तारीख मागच्या वर्षीची तर नाही?

यात कोणी माझ्याकडून पैसे, ओटीपी किंवा डाउनलोड मागतंय का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर ‘अंदाज आहे’ असं लिहूनच पुढे पाठवा. चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर पाठवूच नका. आगाऊ बुकिंग करायचंच असेल तर पैसे परत मिळण्याची अट आधी वाचा आणि ओळखीच्या, बिल देणाऱ्या ठिकाणीच करा. ‘प्रिन्स’चं आगाऊ बुकिंग करणाऱ्यांना पैसे परत मिळाले, कारण व्यवहार पक्क्या ठिकाणी झाला होता. इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी माणसाला यूपीआय करून बसलेल्याला कोण परत देणार?

चाँदरातीला आपण थोडा वेळ सबर करतोच. गेमसाठीही तेवढा करायला हरकत नाही.