विश्लेषण : दगडखाणींवरील देखरेखीचा खर्च नेमका कोण भरतो?

रस्ता, मेट्रो किंवा घराचा स्लॅब, खडीशिवाय काहीच उभे राहत नाही. ही खडी पुरवणारी प्रत्येक खाण सरकारदरबारी नोंदलेली असावी आणि प्रत्येक गाडीला वाहतूक पास असावा, असा नियम आहे. मात्र नोंद ठेवणे स्वस्त असते, ती खरी आहे का हे तपासणे महाग. तपासणीवरचा खर्च वाचवला, तर भुर्दंड कोणाला?

दगडखाणींवर अधिकार कोणाचा?

बांधकामाचा दगड, मुरूम, वाळू ही ‘गौण खनिजे’. खाण व खनिज (विकास व विनियमन) अधिनियम, 1957 च्या कलम 15 नुसार त्यांचे नियम राज्ये करतात. महाराष्ट्राने 2013 मध्ये स्वतंत्र नियम केले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार जमिनीखालच्या खनिजावर सामान्यतः राज्याचा हक्क असतो. म्हणून शेत स्वतःचे असले, तरी विक्रीसाठी दगड काढायचा तर परवानगी लागते.

एका खाणीची नोंद किती ठिकाणी?

खाणपट्टा किंवा तात्पुरता परवाना महसूल यंत्रणा देते. पर्यावरण मंजुरी वेगळी. पाच हेक्टरहून लहान खाणींनाही ती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात 2012 मध्ये स्पष्ट केले. खडी क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. सुरुंगाची स्फोटके आणि कामगारांची सुरक्षा हे विषय केंद्रीय यंत्रणांकडे. प्रत्येकाचे दफ्तर वेगळे. मात्र खड्ड्यात उतरून खोली मोजणारा माणूस या साखळीत सर्वात दुर्मीळ.

सरकारला मिळते काय?

मुख्यतः स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. राज्याने 2021 मध्ये दगडासाठीचा दर ब्रासला 400 वरून 600 रुपये केला. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. स्वामित्वधन हा कर नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यांच्या घटनापीठाने 25 जुलै 2024 रोजी आठ विरुद्ध एक मताने दिला. खनिजावरील हक्काच्या बदल्यात दिलेला तो मोबदला असतो. म्हणजेच तो चुकला, तर सार्वजनिक मालमत्ता फुकट गेली.

नोंदीपेक्षा जास्त दगड निघाला तर?

उदाहरणादाखल हिशेब करू. 100 मीटर लांब, 50 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल खड्डा म्हणजे 50 हजार घनमीटर, सुमारे 17 हजार 670 ब्रास. स्वामित्वधन होते अंदाजे 1 कोटी 6 लाख रुपये. यातला पाचवा हिस्सा पासवर आलाच नाही, तर सुमारे 21 लाखांचे नुकसान, तेही एका खड्ड्यात. फोडल्यावर दगडाचा आकार वाढतो, ते इथे धरलेले नाही. पास किती निघाले हे संगणक सांगतो. दगड किती निघाला हे फक्त खड्डा सांगतो.

दंडाची धास्ती पुरेशी नाही का?

कागदावर दंड जबर आहे. कलम 48(7) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत आकारणी होऊ शकते, वाहन जप्तही होते. पण त्यासाठी आधी चोरी सापडावी लागते. गाव पातळीवर ही जबाबदारी तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांवर येते. सातबारा, पंचनामे, निवडणूक ही कामेही त्यांचीच. रात्री धावणारा हायवा अडवायला ना पुरेशी माणसे, ना संरक्षण.

मग खर्च कोणाच्या माथी?

तिजोरीचे नुकसान हा पहिला भाग. जादा भरलेल्या गाड्यांनी खचलेला गावचा रस्ता करदात्यांच्याच पैशातून दुरुस्त होतो. धूळ शेजारच्या पिकांवर बसते, सुरुंगांनी घरांना तडे जातात. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते आणि पोहायला उतरलेली मुले बुडतात. यातला एकही खर्च खडीच्या दरात धरलेला नसतो. 2015 च्या दुरुस्तीने आलेले जिल्हा खनिज प्रतिष्ठान बाधित भागांसाठीच आहे. पण त्यातले गौण खनिजांचे योगदान नोंदलेल्या उत्खननाशी जोडलेले असते. जे नोंदलेच नाही, त्याचा वाटाही नाही.

उपाय काय?

वर्षातून एकदा ड्रोन किंवा ईटीएस यंत्राने खड्डा मोजून तो आकडा पासांच्या बेरजेशी ताडून पाहता येतो. मोजणीचा खर्च परवाना शुल्कातच धरला, तर तो खाणधारकाकडून वसूल होईल. स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जमा होते, मोजणाऱ्या कार्यालयाला आपोआप मिळत नाही. त्यामुळे तपासणीसाठी वेगळी तरतूद हवी. दोन्ही आकडे गावनिहाय जाहीर झाले, तर ग्रामसभेलाही प्रश्न विचारता येतील. अन्यथा नोंदवही भरलेली दिसेल, टेकडी मात्र जागेवर नसेल.