ताप कशाचा?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. डॉक्टरी विषयावर लिहिणे हे खरे तर माझे काम नव्हे. परंतु जून २०२१ मध्ये माझ्या आठ वर्षांच्या मावसभावाला ताप आला, आणि त्यातून जे कळले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

चार दिवस ताप हटेना. डोळे लाल, अंगावर पुरळ, उलट्या, पोटदुखी. कोणी डेंग्यू म्हणे, कोणी विषमज्वर. अपेंडिक्सचीही शंका आली. बेळगावच्या डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारले, "महिन्याभरात घरात कोणाला कोरोना झाला होता का?" मावशीला कन्नड येत नाही, दुभाषी मीच. "नाही म्हणून सांग," मावशी पुटपुटली. गल्लीत बोभाटा होईल ही धास्ती! पण मे महिन्यात काकांना कोरोना झाला होता. मी खरे तेच सांगितले.

'मिस-सी' नावाचा हा दाहविकार एप्रिल २०२० च्या अखेरीस प्रथम इंग्लंडमधील डॉक्टरांच्या ध्यानात आला. कोरोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी मुलाची प्रतिकारशक्तीच भडकते आणि हृदय, आतडी, त्वचा यांना सूज येते. मूळ कोरोना कधी इतका सौम्य असतो की घरच्यांना पत्ताही लागत नाही.

मग ओळखायचे कसे? एका नोंदीवरून ताळेबंद तयार होत नाही, तसेच येथेही. प्लेटलेट डेंग्यूत घटतात, मिस-सीतही घटू शकतात. मात्र शरीरातील दाह दाखवणारे सी.आर.पी. मिस-सीत खूप चढते, डेंग्यूत सहसा तितके चढत नाही. कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या एवढ्यानेही भागत नाही. त्या निरोगी मुलातही असू शकतात. म्हणून डेंग्यूची तपासणी, विषमज्वरासाठी ब्लड कल्चर, हृदयाचा इको हे सारे एकत्र पाहून, इतर कारणे वगळूनच निदान होते. उपचारही निरनिराळे. विषमज्वराला अँटिबायोटिक, डेंग्यूत सलाइन मोजूनमापून, तर मिस-सीत इम्युनोग्लोब्युलिन व स्टिरॉइड. उशीर झाला तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो.

भाऊ बरा झाला. मावशी मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. नंतर एके दिवशी तिनेच मला जेवायला बोलावले. त्या विषयावर अवाक्षर न काढता ताटात दुसरी पोळी वाढली.

आज मिस-सी विरळ झाला आहे. ताप मात्र घरोघरी येतच राहणार. मूल तीन दिवसांहून अधिक तापले तर डॉक्टर गाठावा आणि मागच्या महिन्याचा हिशेब त्यांच्यापुढे उघडा ठेवावा. लपवलेली नोंद शेवटी मुलालाच भोवते.