वीज पाण्याची नव्हे, उंचीची : कोयना ते पोफळी

पावसाळ्यात कोयना धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आले, याकडे सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष असते. धरणाची पूर्ण क्षमता 105.25 टीएमसी आहे. पण या पाण्यातून वीज किती मिळणार, हे केवळ साठ्यावर ठरत नाही. पाणी किती खोल उतरणार, यावर ते ठरते. म्हणून कोयनेची वीज समजून घ्यायची, तर धरणाच्या भिंतीपेक्षा सह्याद्रीच्या उताराकडे आधी पाहिले पाहिजे.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्याच्या पश्चिमेला डोंगराची एक भिंत आहे आणि त्या भिंतीपलीकडे कोकण एकदम खाली आहे. धरणाची स्वतःची उंची सुमारे 103 मीटर. पण तेच पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला वळवले, तर पोफळीच्या वीजगृहापर्यंत सुमारे 475 मीटरची उतरण मिळते. कोयना प्रकल्पाचे सारे मर्म या वळवण्यात आहे.

हिशेब करून पाहू. एक हजार लिटर पाणी 475 मीटर खाली आले आणि त्यातली नव्वद टक्के ऊर्जा विजेत उतरली, तर 1.16 युनिट वीज मिळते. म्हणजे एका युनिटला साधारण 860 लिटर पाणी. उंची फक्त 50 मीटर असती, तर त्याच एका युनिटला आठ हजार लिटरहून अधिक पाणी लागले असते. पोफळीच्या हिशेबाने एक टीएमसी पाणी म्हणजे सव्वातीन कोटींच्या आसपास युनिट.

आता पाण्याबरोबर खाली उतरू. नवजाजवळ जलाशयातून पाणी बोगद्यात शिरते आणि जवळजवळ सपाटीने डोंगराच्या पोटातून पुढे जाते. बोगद्याच्या शेवटी एक उंच विहीर असते, तिला उल्लोळ विहीर म्हणतात. खाली यंत्रे अचानक थांबली, तरी बोगद्यातले हजारो टन पाणी तिथल्या तिथे थबकू शकत नाही. ते या विहिरीत वर चढते आणि बोगद्यावरचा धक्का टळतो. विहिरीनंतर पोलादी अस्तराच्या तीव्र उताराच्या वाटेने पाणी भूमिगत वीजगृहात पोहोचते.

पोफळीत, म्हणजे प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांत, पेल्टन जातीची टर्बाइन आहेत. इथे पाणी नोझलमधून हवेत सुटते आणि त्या फवाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे 95 मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असतो. चाकाच्या कडेला पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक वाटी जोडवाटी असते आणि मधोमध एक धारदार कणा. कण्यावर आपटलेला फवारा दुभंगतो, दोन्ही बाजूंनी वळून जवळजवळ उलट दिशेला फिरतो. वाट्यांचा वेग फवाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. तसे केले की बाहेर पडणाऱ्या पाण्यात वेग जवळपास उरत नाही. त्याची ऊर्जा चाकाने घेतलेली असते.

चाकाच्या दांड्यावरच जनित्राचा रोटर असतो. त्यावरचे विद्युतचुंबक स्थिर तांब्याच्या वेटोळ्यांसमोरून फिरतात आणि वेटोळ्यांत वीज उपजते. मिनिटाला 300 फेरे आणि रोटरवर 20 ध्रुव असतील, तर सेकंदाला बरोबर 50 आवर्तने होतात. आपल्या घरातल्या विजेची वारंवारता हीच. मागणी बदलली की वेग ढळू पाहतो. मग गव्हर्नर हे वेग सांभाळणारे यंत्र नोझलमधली सुई मागेपुढे करून फवारा जाड किंवा बारीक करते. विजेचा भार एकाएकी गेला, तर आधी एक पाते फवाऱ्याच्या आड येऊन तो चाकावरून वळवते आणि सुई मागाहून सावकाश बंद होते. ती झटकन बंद केली, तर पाण्याचा दाब नळ फोडू शकतो.

चौथ्या टप्प्यात 250 मेगावॉटचे चार संच आहेत. त्यासाठी जलाशय रिकामा न करता, तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक 1999 मध्ये स्फोटाने उडवला. याला लेक टॅपिंग म्हणतात. 2012 मध्ये ते पुन्हा केले गेले. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट आहे.

तरी हे संच अहोरात्र चालत नाहीत. कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसी ठरवले आहे. उरलेल्या पाण्यावर कृष्णाकाठची शेती अवलंबून आहे. औष्णिक केंद्र थंड पडले की पुन्हा तापायला तास लागतात. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत भार उचलतो. म्हणून कोयनेचे मोजके पाणी मागणी शिगेला पोहोचते, त्या वेळांसाठी राखून ठेवणेच शहाणपणाचे.

पोफळीतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडी धरणात साठते, तिथून शंभराहून अधिक मीटर उतरते आणि तिसऱ्या टप्प्याची वीज देते. मग ते वाशिष्ठीत जाते. या पाण्याला अवजल म्हणतात. ते कमअस्सल मात्र नाही. वीज करताना पाणी खर्च होतच नाही, खर्च होते ती उंची. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची घरेदारे गेली, त्यांच्या त्यागातून हे पाणी साठले आहे. वीज देऊन झाल्यावर ते नुसते समुद्राला मिळू देण्याऐवजी कोकणातल्या तहानलेल्या वाड्यांना आणि बागांना पोहोचवणे, हे प्रकल्पाचे उरलेले काम आहे.